देव कुणापाशी?

नाशिक रोड,
दि. ४ मे १९७३

चि. निवृत्तीस ताईचे अनेक उ. आशीर्वाद.

वि. वि. तुझे पत्र पोचले. दुष्काळात कुठले गाव उठून कुठे गेले याचा नकाशा तू काढतोस, हे यांनी शेजारी कौतुकाने सांगितले. लहानपणी बाजारात हरवणारा तू, आता अख्ख्या तालुक्याचा माग काढतोस!

पण आज एक भलतेच कळले. घोडमाळची माणसे इथे रेल्वेपुलाशी पाले टाकून आहेत. त्यांतली धोंडाबाई आपल्याकडे धुणे धुते. उद्या अक्षय्यतृतीया, म्हणून तिला देवापुढे ठेवायला खडीसाखरेचे चार खडे दिले, तर हसून म्हणाली, देव कुठले बाई इथं, समद्या गावाच्या देवांचे टाक सासूपाशी ठेवून आलोय. सासू कुठे विचारले, तर म्हणाली गावातच हाय की, दिवा कोण लावील? टँकर येतो, म्हातारीला काय कमी!

निवृत्ती, घोडमाळ ओसाड लिहिले आणि त्याचा टँकर दुसरीकडे वळवला, असे तूच मोठ्या हौसेने कळवलेस ना? धोंडाबाईला अजून हे सांगितलेले नाही. येवल्याच्या एसटीच्या कंडक्टरबरोबर हे पत्र धाडते. वाचशील तसा ऊठ.

तुझी ताई,
सुमन

येवले,
दि. ६ मे

ती. ताईस निवृत्तीचा सा. न. वि. वि.

नवसाबाई, म्हणजे धोंडाबाईची सासू, जिवंत आहे. हे आधी लिहितो.

जीप मिळाली नाही. सायकलला पाण्याचा डबा बांधून गेलो. ताई, मी छावण्यांतच चौकशी केली होती. घराला कुलूप का, एवढेच विचारत गेलो आणि लोक हो म्हणत गेले. गावात पाऊल टाकले ते काल पहिल्यांदा. म्हातारी देवांच्या ताटाशी पडली होती. टाक मात्र लखलखीत. घागरीच्या तळाशी उरलेल्या पाण्याने देवांना आंघोळ घालायची आणि तेवढेच तीर्थ प्यायची. मी पेला पुढे केला, तर आधी बोट बुडवून देवांवर शिंपडले, मग ओठांना लावला.

नकाशावरून गाव मीच पुसले, असे तिला सांगितले. म्हणाली, मंग परत काढ की बाबा, त्यात काय! टँकर पुन्हा लावून घेतला. माझ्याबरोबर यायला तयार नाही; लोकांचे देव टाकून कशी येऊ, म्हणते.

तुझा आशीर्वाद असावा, आज जरा जास्तच.

निवृत्ती

नाशिक रोड,
दि. ८ मे

चि. निवृत्तीस आशीर्वाद.

धोंडाबाईला सांगितले. हातातला पिळा तसाच धरून उभी राहिली. मग तो बादलीत टाकून निघाली, ती थेट एसटी स्टँडवर.

मला चैन पडेना म्हणून पुलाशी बाकीच्या गावांची पाले आहेत, त्यांत गेले. कुलपाचे विचारलेच नाही. देव कुणापाशी, एवढेच विचारले. वाघझिरीचे लोक म्हणाले, आंधळ्या पुंजारामकाकापाशी. कोळपटच्या बाया म्हणाल्या, एका बाळंतिणीच्या आईपाशी, ती हाय लेकीच्या सोबतीला. सगळे निर्धास्त. टँकर येतो ना, म्हणतात.

ही गावेही तू ओसाडच लिहिली असशील.

लोभ कुठे जात नाही. उत्तर लिहीत बसू नकोस. पाणी घे आणि नीघ.

ताई