रस्त्याकडच्या खिडक्या

१२ मे
खिडक्या निघाल्या, पुढच्या दोन्ही. सागवानी, शिंपल्यांच्या तावदानांच्या, आजोबांच्या वेळच्या. पण खालच्या चौकटीचा वाळवीने भुसा केला होता. फॅब्रिकेटरने चहा होईपर्यंत उचकटल्या आणि टेम्पोत टाकल्या. "मॅडम, जुना माल आम्हीच घेऊन जातो." म्हटलं, ने बाबा, घरात आधीच पसारा कमी नाही.
दुपारी ॲल्युमिनियमच्या स्लायडिंग बसवायला घेतल्या आणि वॉर्ड ऑफिसचे साहेब दारात. तक्रार आलीय म्हणे. आपलं गावठाण हेरिटेजमध्ये, रस्त्याच्या बाजूला ॲल्युमिनियम चालत नाही. काम बंद!
भिंतीला दोन भगदाडं, आणि खाली आईची कॉट. निळी ताडपत्री ठोकली. आई म्हणते, "भर दुपारी खिडकी लावून का घेतलीस गं?" शहाऐंशीची आहे. तिचा सगळा दिवस त्या खिडकीत जातो. रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला थांबवते.

१४ मे
वॉर्ड ऑफिसला गेले. साहेबांनी तक्रारीतला फोटो दाखवला. आमच्या घराचा, वरून काढलेला. कोपऱ्यात दोरीवर वाळत घातलेले बोंबील. आमच्या गल्लीत गॅलरीत बोंबील एकच घर वाळवतं.
आल्बन. माझा सख्खा चुलतभाऊ. समोरचं घर. गावठाण बचाव समितीचा अध्यक्ष!
गेले तशीच. बनियनवर बसला होता. "फिलू, रूल इज रूल. गावात अशा स्लायडिंग लागायला लागल्या तर उद्या बिल्डर घुसतील. तू आधी विचारायचंस ना."
अरे, पण तू आधी सांगायचंस ना! समोर राहतोस. खिडकी उचकटेपर्यंत गॅलरीत उभा राहून फोटो काढलास?
यापुढे या वहीत त्याचं पूर्ण नाव लिहायचं नाही. आ. पुरे.

३० मे
अर्ज दिला. साहेब चांगले बोलले. लाकडाच्या, होत्या तशाच करा, परवानगी मिळेल. आता सुतार हवा.

८ जुलै
आईची गोधडी पुन्हा ओली. ताडपत्रीला आतून प्लास्टिक लावलं तरी पाणी येतंच. खोकला वाढलाय. सुतार म्हणाला होता जूनमध्ये येतो. फोन उचलत नाही.

११ जुलै
आईला ॲडमिट केलं. न्यूमोनिया.
आ. हॉस्पिटलात आला होता, संत्री घेऊन. संत्री नर्सला देऊन टाकली. त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

२१ जुलै
आईला सोडलं. पण डॉक्टर म्हणाले, या खोलीत परत न्यायचं नाही. हिल्डा तिला वसईला घेऊन गेली. धाकटी बहीण असून तीच शहाणी, आपलं घर वेळेवर नीट करून घेतलं. टॅक्सीत बसताना आई म्हणाली, "खिडकी झाली की फोन कर. मी लगेच येते."
आ. गॅलरीतून बघत होता. आईला हात जोडले त्याने. ते जोडलेले हात मुळापासून तोडावेसे वाटले. फादरांना कन्फेशनमध्ये हे सांगणार नाही, कारण पश्चात्ताप झालेला नाही.

२ सप्टेंबर
सुतार शेवटी भेटला. मालवणचा आहे. "बाय, आता गणपतीक गावाक जातंय. इल्यार बघूया." तोवर प्लायवूड ठोकून दिलं. दिवसाही लाइट लावावी लागते. ऑफिसातून आल्यावर मी सरळ स्वयंपाकघरात जाते, पुढच्या खोलीत पाय टाकत नाही.
आईचा फोन. झाली का खिडकी? म्हटलं, होतेय.

२० नोव्हेंबर
सुतार आता म्हणतो जानेवारीनंतर. सगळ्यांची वाट बघायला माझी आई तरुण आहे ना!
आ.च्या लेकीचं, शेरॉनचं लग्न ठरलं, जानेवारीत. घराला पुढून हिरवी जाळी लावलीय. आत ठोकाठोक चालू. आणि संध्याकाळी त्याच्या दारात टेम्पो कोणाचा? माझ्याच फॅब्रिकेटरचा! ॲल्युमिनियमवाल्याचा!
चोर तो चोर, वर शिरजोर. आता कसा सापडलास.

२३ नोव्हेंबर
तक्रार दिली. फोटो जोडला, त्यात टेम्पो स्पष्ट. त्याच्यासारखं लपूनछपून नाही, माझं पूर्ण नाव लिहिलं, फिलोमिना, घर समोरचं.
येताना बांगडे आणले. तळून दोन खाल्ले. मेपासून असं जेवले नव्हते.

३ डिसेंबर
साहेब आले. मी मुद्दाम रजा टाकून दारात खुर्ची घेऊन बसले होते. शेजारच्या दोघी-तिघींनाही बोलावून ठेवलं होतं. म्हटलं, बघू द्या सगळ्यांना अध्यक्ष.
जाळी खाली आली.
आमच्या खिडक्या.
वाळवीची चौकट कापून नवीन सागवान जोडलेलं, वर पॉलिश. शिंपले तेच. डाव्या पल्ल्याचा एक शिंपला फुटला तेव्हा पप्पांनी तिथे डब्याचा पत्रा मारला होता, तो पत्रासुद्धा तसाच. बराच वेळ मला कळेना की मी काय बघतेय.
साहेब एकदम खूश. मला म्हणतात, "मॅडम, काम असं करायचं असतं. तुम्हीही असंच करून घ्या." शेजारणी तोंडाला पदर लावून आत पळाल्या. माझीच शोभा झाली.
आ. रस्ता ओलांडून आला. चेहरा असा, की जणू माझ्यावर उपकार केलेत. "अगं, फॅब्रिकेटर त्याच दिवशी ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचरच्या मार्केटात विकायला निघाला होता. मीच थांबवलं. म्हटलं नीट करून ठेव, शेरॉनचं लग्न ठरलं की लावू. घरातली वस्तू घरात राहिली ना, फिलू."
कुठल्या घरात रे?
म्हटलं, माझ्या मला दे. तर म्हणतो, "आता लग्न तोंडावर आलंय. नंतर बघू."
म्हणजे माझी आई ओल्या गोधडीत कुडकुडत होती तेव्हा आमच्या खिडक्यांना पॉलिश चाललं होतं. आणि मला एका शब्दाने सांगितलं नाही! असा राग मला आयुष्यात आला नव्हता.

७ डिसेंबर
भांडी घासताना सुचलं. हसूच आलं.
उंबराचं पाणी.
लग्नाच्या आदल्या संध्याकाळी नवरीच्या अंघोळीचं पाणी विहिरीतूनच यायला हवं, बँड लावून, लुगडी नेसून, सगळं गाव मागे. गावठाणातली एक विहीर मेट्रोच्या कामात गेली, एक टॉवरच्या पार्किंगखाली. उरली ती आमच्या परसातली. तिच्या जाळीला कुलूप, आणि चावी माझ्याकडे.
घोडामैदान जवळच आहे.

२६ डिसेंबर
आ.ची बायको रोझी आली, नाताळचा फराळ घेऊन. हळूच विचारलं, "पाणी भरायला येऊ ना गं आम्ही?"
"आधी खिडक्या, मग पाणी."
"ऐन लग्नात घराची भिंत फोडू का मी?"
"माझी फोडली होती की."
"पोरीचा काय दोष यात?"
"आणि माझ्या आईचा?"
रडली. खोटं कशाला लिहू, बरं वाटलं. करंज्या परत दिल्या. रूल इज रूल. नवरीला टँकरच्या पाण्याने अंघोळ घाला म्हणावं.

१० जानेवारी
शेरॉन एकटी आली. लहानपणी शाळेतून आली की माझ्याकडेच जेवायची. ओट्यावर चढून बसली, पूर्वी बसायची तशी.
"आंटी, नको देऊस पाणी. मी नाही रागावणार. पण डॅडीला खरंच कळत नाही तू का चिडलीस. त्याला वाटतं, खिडक्या वाचवल्या म्हणून तू थँक्यू म्हणायला हवंस."
थँक्यू!
मनात थोडीशी विरघळत होते, ती तिथेच थांबले. कुलूप बदललं. मोठं आणलं.

१७ जानेवारी, दुपार
लग्न उद्या. पाणी आज.
हिल्डा आईला घेऊन आली. मी गेटपर्यंत पोचायच्या आत आ.ने टॅक्सीचं दार उघडलं, आईला धरून सरळ त्याच्या घरात नेलं. मेनंतर पहिल्यांदा त्या घराची पायरी चढले, आईला आणायला.
आई खिडकीत बसली होती. त्या खिडकीत. शिंपल्यांवरून हात फिरवत होती. मला बघून म्हणाली, "झाली गं! पॉलिश किती छान केलंस." गाल केवढे फुलले होते तिचे. किती महिन्यांनी असं हसली.
म्हटलं, आई, चल घरी.
"घरीच तर आहे."
हिल्डाने मला डोळ्यांनी गप्प केलं. सहा महिने वसईत हेच चाललंय म्हणे, आईला दिवस कळतो, घर कळत नाही. हिल्डा मला फोनवर कधी बोलली नाही.
आईने बोट दाखवलं, माझ्या घराकडे, प्लायवूडकडे. "समोर कोण राहतं गं? घर केवढं काळोखात ठेवलंय बाईने."
आ. मागे उभा होता. त्याने मान खाली घातली. मला तो तसाच हवा होता, आठ महिने. काही वाटलं नाही.

संध्याकाळ
वही घेऊन माझ्या पायरीवर बसलेय. आत बसवत नाही. खिडक्या आज मागितल्या तर आईला तिथून उठवावं लागेल. नाही मागितल्या तर तो जिंकला. मला त्याला हरवायचंय, अजूनही, हे लिहून ठेवते.
बँड कोपऱ्यावर आलाय. आ. पुढे, सूट घालून. मागे रोझी आणि बायका, लुगड्यांत, रिकाम्या कळशा घेऊन. शेरॉन माझ्याकडे बघत नाहीये. चावी मुठीत इतकी दाबलीय की हात दुखतोय.
माझ्या दाराशी बँड थांबला.
समोरून आईने हाक मारली. मला नाही, समोरच्या घरातल्या बाईला.
"ओ बाई, पोरीला पाणी देता ना?"
सगळे माझ्याकडे बघतायत. मी अजून मान वर केलेली नाही.