सगळा कसावा एकदम

३ मार्च, सकाळ
आधी सर्वांची खुशाली. हिचे गुडघे कुरकुरतात, जीभ मात्र ठणठणीत. सूनबाईची सर्दी उतरली. मेव्हण्याचं वेल्डिंगमध्ये भाजलेलं बोट आता बरं आहे. कसावा, म्हणजे आपला साबुदाण्याचा कंद, जमिनीत मजेत. मी उत्तम, कारण आजपासून मॉडर्न होणार.

आपली पद्धत म्हणजे निव्वळ मागासपणा. ही दर आठवड्याला चार-सहा झाडं उपटते, कंद सोलते, हातकिसणीवर किसते, पोत्यात भरून दगडाखाली पिळते, वाळवते, दळते आणि बाजारात आपल्या ओट्यावर विकते. वर्षभर हेच. यात व्हिजन कुठे आहे? शहरातल्या बिस्किटवाल्याशी फोनवर बोललो. म्हणाला, पांढरंशुभ्र पीठ पाठवा, पसंत पडलं तर टनाने घेऊ. टनाने! हिला सांगितलं. म्हणाली, आधी चहा घ्या, निवतोय.

७ मार्च
मेव्हणा मोटरची किसणी बनवतोय. म्हणाला, दाजी, गुरुवारी मशीन दारात, निर्धास्त राहा. याला म्हणतात माणूस.

११ मार्च, संध्याकाळ
मजूर लावून अख्खं शेत उपटलं. अंगणात कंदांचा डोंगर. डोळे भरून पाहिला.
हिने कपाळाला हात लावला. अहो, जमिनीत होता तोवर वर्षभर राहिला असता. बाहेर काढलेला कंद दोन-तीन दिवसांत काळा पडतो, हे शेंबडं पोरही सांगेल. आता मी ओट्यावर काय मांडू, तुमचं डोकं? शांतपणे समजावलं की मोठ्या बाजाराला बल्क लागतो. म्हणाली, बल्क नव्हे, बट्ट्याबोळ.
हिला सप्लाय चेन कळत नाही.

१२ मार्च
गुरुवार. मशीन नाही. मेव्हणा म्हणतो, गुरुवार म्हटलं होतं, कुठला ते कुठे म्हटलं?

१३ मार्च, दुपार
मशीन आलं! सूनबाईची जुनी रिबन लावून फीत कापली. बटण दाबलं. मोटर उलटी फिरली. कंद आत जायचे सोडून बाहेर, नेमके माझ्याच दिशेने. कपाळाला टेंगूळ. किरकोळ.
मेव्हणा म्हणाला, दाजी, मशीन सोळा आणे आहे, वायरी तेवढ्या उलट्या लागल्यात. मग लाव ना सुलट्या! तर म्हणे, ते इलेक्ट्रिशियनचं काम. इलेक्ट्रिशियन बाहेरगावी.

१४ मार्च
कंद कापून पाहिले. आत निळसर रेघा. नैसर्गिक रंग असावा.
ही, सूनबाई आणि शेजारणी किसण्या घेऊन बसल्यात. अंगणभर नुसती खरखर. मलाही किसणी देऊ केली. नम्रपणे नाकारली. देखरेखीला कोणीतरी हवंच.

१५ मार्च
इलेक्ट्रिशियन उगवला. मशीन सुरू. काय तो दणदणाट! उरलेला डोंगर दुपारपर्यंत फस्त. मनात म्हटलं, बघा!

१८ मार्च
पीठ वाळून तयार. रंग किंचित करडा. हिने चांगले कंद निवडून हाताने किसलेलं पांढरं पीठ जेमतेम डबाभर. सूनबाई म्हणाली, बाबा, नमुन्याला आईंचंच पाठवा. बजावलं की फसवाफसवी आपल्या रक्तात नाही. मशीनचंच गेलं. पाकिटावर माझा फोटो.

२२ मार्च
बिस्किटवाल्याचा फोन. विचारतो, हे सिमेंट कोणी पाठवलं? फोटोतले गृहस्थ तुम्हीच का? प्रतिसाद जलद आहे, एवढं मान्य करायला हवं.

२७ मार्च
डब्यातलं पीठ पहिल्याच बाजाराला संपलं. आता हिचा ओटा रिकामा, गिऱ्हाइकं समोरच्या बाईकडे. नव्या लागणीला कंद धरायला वर्ष जाईल. ही शेजाऱ्याच्या शेतावर सोलायला जाते, मजुरीचे म्हणून टोपलीभर कंद आणते. माझ्याशी गरजेपुरतं बोलते. गरज फारशी पडत नाही.
ही स्थिती सुधारायची. मनावर घेतलंय.

२९ मार्च
शेजाऱ्याला चिठ्ठी धाडली. आधी घरातल्या एकेकाच्या तब्येतीची चौकशी केली, मग मुद्दा. तुम्ही शेत थोडं थोडं काढता, ही जुनी रीत झाली. माझं मशीन मोकळंच आहे, दोन दिवसांत सगळा उरक पाडून देतो. उत्तर लवकर कळवावे.

संध्याकाळी हिला आणायला गेलो. उत्तर मिळालं. शेताच्या फाटकाला कुलूप. ही आत सोलत बसलेली, मी बाहेर. विचारलं, कुलूप लावायचं कोणी सुचवलं?
मान वर न करता म्हणाली, मी.