एक्केचाळिसावा नमुना

४ ऑक्टोबर

आलो एकदाचे! सामान उतरवताना बाबांनी टेम्पोवाल्याला इतक्या सूचना दिल्या, की शेवटी तो बिचारा मलाच विचारायला लागला, इथले साहेब कोण, तुम्ही की ते. साहेब मीच. चाळीस गाईंच्या या दुग्धशाळेची नवी डॉक्टर.

राहायला दोन खोल्या. समोर अंगण, पलीकडे लांबलचक गोठा, दोन्ही बाजूंना वीस-वीस गाई, प्रत्येकीच्या डोक्यावर भिंतीवर पांढऱ्या रंगात नंबर. गोठ्याच्या टोकाला आजारी जनावरांची बंद खोली. माझी प्रयोगशाळा म्हणजे खिडकीजवळचं टेबल आणि फडक्यात गुंडाळलेला मायक्रोस्कोप. भिंगं स्वच्छ निघाली. मी लहान मुलासारखी खूश झाले.

माणसं मोजकीच. धारा काढणारे दोघे सायकलवर येतात आणि आठच्या आत जातात. बाकी दिवसभर म्हातारा मुकादम, त्याचा कुत्रा काळ्या आणि डझनभर कोंबड्या. मुकादम हळू बोलतो, पण गाईंवर जीव आहे त्याचा. बाबांशी त्याची लगेच गट्टी जमली.

६ ऑक्टोबर

गाईंची अवस्था बघून डोकं तापलं. पापण्या पांढऱ्याफटक, जबड्याखाली पाण्याची सूज, पातळ शेण. जंत झालेत हे आंधळ्यालाही कळेल! मुकादमाला सांगितलं, प्रत्येकीचं शेण वेगळ्या पिशवीत, वर नंबराची चिठ्ठी.

बाबांचंही पोट दुखतंय. म्हटलं, आता चाळिसांचं बघणारच आहे, तुमचंही बघते. बाबा म्हणाले, मला दावणीला बांधणार असशील तर वैरण चांगली घाल. पण दिला नमुना. सापडलंच! लिंबाच्या आकाराची इवली अंडी, दोन्ही टोकांना बुचं. माणसाच्या आतड्यातला चाबूकजंत. गोळ्या दिल्या, तर म्हणे आयुष्यभर सांभाळलेल्यांना म्हातारपणी कशाला हाकलू. नाही म्हणजे नाही घेतल्या. असा हट्टी माणूस मी दुसरा पाहिला नाही.

९ ऑक्टोबर

पिशव्या मोजल्या, तर एक्केचाळीस. वाटलं, मुकादमाची गफलत झाली. तो म्हणाला, गफलत नाही, एक्केचाळीस नंबर आजारी खोलीत असतो, फार वर्षांपासून.

त्या पिशवीत काय नव्हतं! गाईच्या जंतांची अंडी, कुत्र्याच्या, कोंबडीच्या, उंदराच्या. शिवाय जाड कवचाची मोठी तपकिरी अंडी, खच्चून भरलेली. ही कुठल्याच पुस्तकात नाहीत. मुकादमाला झापलं, की अख्खं अंगण झाडून पिशवीत भरलंस का. तो खाली मान घालून उभा राहिला.

आधीच्या डॉक्टरांची वही काढली. ते अचानक निघून गेले म्हणे. कुठे ते मुकादमाला माहीत नाही. वहीत एका पानावर इतकंच: ४१ ला जंताचं औषध देऊ नये. खाली दोन रेघा. मी कपाळाला हात लावला. जनावर जंतांनी पोखरून चाललंय आणि औषध देऊ नये? असल्या आळशी लोकांमुळेच आमचा धंदा बदनाम होतो.

१० ऑक्टोबर

एक्केचाळीसला बघून आले. खोली अंधारी. मुकादमानं दारातच थांबवलं, नवखं माणूस दिसलं की ते बुजतं म्हणाला. दिसली ती फक्त पाठ. केस झडलेले, बरगड्या मोजून घ्याव्यात अशा, भिंतीकडे तोंड करून पडलेलं. म्हातारा बैल असावा. श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज येत होता. फार वाईट वाटलं.

वजन विचारलं, तर दोन गाईंइतकं. त्या मानानं डोस काढून दिला. जिवंत जिवाचे हाल मला बघवत नाहीत, मग वहीत कुणी काही का लिहून ठेवेना. मुकादमाच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाला, इतक्या वर्षांत त्याच्यासाठी कुणी एवढं केलं नाही.

१७ ऑक्टोबर

यश! गाईंची सूज उतरली, दूध वाढलं. एक्केचाळीसनं तर बादल्या भरभरून जंत टाकले. मुकादमानं मला एक आणून दाखवला, माझ्या हाताएवढा लांब, आणि मेल्यावरही त्याची पकड सुटत नव्हती. एवढे जंत आत असताना अन्न अंगी कुठून लागणार!

आता ते उठून बसतंय, भूक सपाटून लागलीय. वहीत आधीच्या डॉक्टरांच्या ओळीखाली मी ठसक्यात लिहिलं: ४१, प्रकृती उत्तम, भूक चांगली, एकवीस दिवसांनी दुसरा डोस. बाबा रोज दुपारी आजारी खोलीच्या भिंतीशी ऊन खात मुकादमाशी गप्पा मारतात. म्हणाले, आत कुणीतरी भिंतीला कान लावून ऐकत असल्यासारखं वाटतं. मी हसले.

२० ऑक्टोबर

काळ्या दोन दिवस दिसला नाही. कोंबड्याही नाहीत, एकसुद्धा. मुकादम म्हणतो, कोल्ह्यानं नेल्या. पिसं कुठेच पडलेली नाहीत.

आजारी खोलीपुढे पाणी सांडून चिखल झालाय. त्यात ठसे आहेत. खुरांचे नाहीत. मी वाकून पाहिलं आणि सरळ घरी आले. कशाचे ते लिहीत नाही. नीट पाहिलं नसेल मी.

२२ ऑक्टोबर

सतरा नंबरची गाय नाही. दावं तसंच बांधलेलं, गाठ न सुटलेली. मुकादम म्हणाला, विकली. कुणाला, कधी विचारलं, तर घमेलं उचलून चालू लागला.

एक्केचाळीसचा आजचा नमुना गाळला. जाळीवर पिवळा तुकडा आला. धुतला. कानातला बिल्ला होता. सतरा.

आमचे एक सर सांगायचे, ते आत्ता आठवलं. कुत्र्याच्या शेणात मेंढीच्या जंताची अंडी दिसली तर घाबरू नका. तो जंत कुत्र्याला झालेला नसतो. कुत्र्यानं मेंढीचं काळीज खाल्लेलं असतं, अंडी नुसती त्याच्या पोटातून पार जातात.

गाय. कुत्रा. कोंबडी. उंदीर. पहिल्याच दिवशी सगळं काचेवर मांडलेलं होतं, आणि मी मुकादमाला झापत बसले. जंतांनीच त्याला इतकी वर्षं अर्धमेलं धरून ठेवलं होतं. त्या डॉक्टरांना ते कळलं होतं. मी बरं केलं त्याला. माझ्या हातांनी.

२३ ऑक्टोबर

वरिष्ठांना फोन केला. ते हसले. नमुने घेऊन समक्ष या म्हणाले. जाऊन यायला दोन दिवस.

बाबांना चला म्हटलं, तर गुडघ्यांचं निमित्त. भांडले, रडले. शेवटी दादाला फोन केला, की येऊन यांना घेऊन जा. तो रविवारी येतो म्हणाला. बाबांकडून शपथ घेतली, दाराबाहेर पाऊल टाकायचं नाही, मुकादमानं हाक मारली तरी नाही. पोरीची शपथ घेतली त्यांनी, माझ्या डोक्यावर हात ठेवून. म्हणाले, तू लहानपणीही अशीच भित्री होतीस.

माझी पाचावर धारण बसलीय. तरी जाते. गेल्याशिवाय कुणी येणार नाही.

२६ ऑक्टोबर, सकाळचे अकरा

परत आले. वरिष्ठ म्हणाले, पुढच्या आठवड्यात माणूस पाठवतो.

दार उघडं. बाबा नाहीत. चष्मा उशाशी आहे. चष्म्याशिवाय ते अंगणातही जात नाहीत.

गोठ्यात अकरा गाई. सगळ्या एकाच टोकाला दाटीवाटीनं उभ्या.

मुकादम म्हणाला, काल तुमचे दादा आले आणि घेऊन गेले. जिवात जीव आला. लगेच दादाला फोन लावला.

दादा म्हणतोय, आज शुक्रवार ना? मी तर रविवारी निघणार.

साडेअकरा

टेबलावर पिशवी ठेवलीय. चिठ्ठी नीट लावलेली. ४१. शिकवलं होतं तसंच.

बघायचं नाही. दादा आत्ताच निघालाय, संध्याकाळपर्यंत पोचेल. बाबा कुणाकडे तरी बसले असतील गप्पा मारत. तोंडाचा पट्टा सुरू झाला की त्यांना वेळेचं भान —

बघायचं नाही.

पावणेबारा

लिंबाच्या आकाराची. दोन्ही टोकांना बुचं.

गाईलाही होतो चाबूकजंत. गाईचीच असतील. गाईची मोठी असतात. मापली. पुन्हा मापली. तिसऱ्यांदा — मापच चुकत असेल —

बाबांच्या नमुन्याची काचपट्टी जपून ठेवली होती, त्यांना चिडवायला. शेजारी ठेवून पाहिली.

बाबा, गोळ्या घेतल्या असत्या तर मला कळलंच नसतं. संध्याकाळपर्यंत तरी वाट पाहत बसले असते हो मी —

बारा

कडी लावलीय. मुकादम दाराबाहेर आहे. अगदी अदबीनं विचारतोय, दुसरा डोस आजच देता येईल का, पहिल्यानं भूक फार छान सुधारली. म्हणतोय, त्यालाही तुम्हाला भेटायचंय. आता ते बुजत नाही म्हणे.



गाई ओरडायच्या थांबल्या. सगळ्या एकदम.

शिट्टीसारखा आवाज नाही आता. श्वास अगदी मोकळा झालाय त्याचा. खिडकीशी ऐकू येतोय. भर दुपारी कागदावरचं ऊन गेलं, आणि बाबांच्या आवाजात कुणीतरी मला भित्री म्ह—