पणविरुद्ध पण

सोमवार, ४ मार्च
आज कारखान्यात 'आनंदी मन' कार्यशाळा झाली. ट्रेनरबाई म्हणाल्या, माणसाचं मन मुळात सुखीच असतं, 'पण' हा शब्द त्याला ब्रेक लावतो. बाकीचे जांभया देत होते. मी हादरलो. माझं कामच खुर्च्या तपासायचं. दिवसभर खुर्चीत बसायचं आणि म्हणायचं, चांगली आहे, पण डुगडुगते. घरीही माझं तेच चालतं, असं हिचं म्हणणं. ठरलं. तो शब्द आजपासून बंद. 'पण' म्हणजे प्रतिज्ञा, असाही अर्थ आहे. म्हणजे मी पणविरुद्ध पण केला आहे. या वहीतही त्याला हा शेवटचा नमस्कार. यापुढे त्या जागी फुली.

मंगळवार, ५ मार्च
मन हलकं. चहा छान होता, × गार. (सवय आहे, जाईल.)
मेहुणीने समुद्राकाठच्या घरी महिनाभर राहायला बोलावलं आहे, दोघांनाही. ही म्हणाली, दरवर्षी मी विचारते आणि दरवर्षी तुमचा तो शब्द आडवा येतो, म्हणून यंदा विचारणारच नाही. शनिवारी सकाळच्या गाडीने मी जाणार. ज्याला यायचं असेल त्याने स्वतःच्या तोंडाने सांगावं. मी हसून मान डोलावली. हरकत एकही नाही! मला जायचंच आहे. समुद्र मला आवडतो, दमट हवा सोडून. सांगू सावकाश.

बुधवार, ६ मार्च
धक्कादायक शोध. तो शब्द इतर शब्दांच्या पोटात लपून बसतो. 'मोठे×' घ्या, 'शहाण×' घ्या. तेही बंद. मुलीला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे बाबा, शहाण× सोडलंत." तिच्या मनाला अजून वळण नाही. सगळ्यात मोठा घरभेदी निघाला 'आ×'. रोज शंभरदा वापरतो आणि पत्ता नाही! तोही बंद. आता या घरात फक्त 'मी' आणि 'तू'. हिने सगळं ऐकून घेतलं आणि माळ्यावरून बॅग काढली. एकच.

गुरुवार, ७ मार्च
आज सगळ्या खुर्च्या पास. शिक्का मारताना काय आनंद होतो! एकीचा पाय आखूड होता. मी चांगली बाजू पाहिली. बाकीचे तीन उत्तम होते. शेजारच्या टेबलावरचा तपासनीस कुजबुजला, ती साहेबांच्या केबिनला जाणार आहे. मी म्हटलं, साहेबांनाही आनंदी व्हायचा हक्क आहे. तो माझ्याकडे बघतच राहिला. जळतात लोक.

शुक्रवार, ८ मार्च
साहेब पडले. कंबर धरून विचारत होते, ही खुर्ची पास कुणी केली. मी ताठ मानेने पुढे झालो. म्हटलं, सर, खुर्ची सकारात्मक आहे, तुमचं बसणं नकारात्मक आहे. सोमवारी लेखी खुलासा मागितला आहे. देईन. चांगला लांबलचक देईन. नमतं घेणार नाही.
संध्याकाळी हिला सांगायचंच ठरवलं. ही कपड्यांच्या घड्या घालत होती. वाक्य मनात जुळवलं आणि दचकलो. 'मी × येतो.' पाहा, कसा गोड वेश घेऊन आला! ट्रेनरबाईंनी अपवाद सांगितलेला नाही. मी असल्या थापांना भुलणाऱ्यातला नाही. हिने विचारलं, काही म्हणायचं आहे का. म्हटलं, छे.

शनिवार, ९ मार्च, सकाळी
ही गेली. दारात चपलेचा पट्टा लावायला हिला फार वेळ लागला. पट्टा तर लागलेलाच होता. मग म्हणाली, "निघते." मला एकदम भरून आलं. तोंड उघडलं. 'मी' मागेच राहिलं, बाहेर पडला नुसता "प—". मी दात गच्च आवळले. जिंकलो. ही थबकली.
"राहू द्या," म्हणाली. "निघतानाही तोच शब्द."
बॅगेची चाकं जिन्यावर प्रत्येक पायरीला आपटत गेली. तळमजल्यापर्यंत ऐकू येत होती. हिचा साफ गैरसमज झाला आहे. नियम मी मोडलेला नाही.

शनिवार, संध्याकाळी
घर शांत. कुणी काही सुचवत नाही, त्यामुळे मोडता घालायचा प्रश्नच येत नाही. दिवसभरात तो शब्द पूर्ण असा एकदाही उच्चारला नाही. मन तयार झालं. कुणी काहीही म्हणो, मोहीम फत्ते. चहा केला. सवयीने दोघांचा झाला. दोन्ही कप मीच प्यायलो.
आत्ता कप विसळताना सुचलं. 'मीही येतो' म्हणता आलं असतं. साधा, बिनफुलीचा शब्द. मी आणि ही, दोघंही आहेत त्यात.
पण गाडी सकाळीच गेली.