गाळावरचं बोलावणं

४ मे १९७३, धरणाचा कॅम्प

पोचलो एकदाचा! परभणीहून जिंतूर, जिंतूरहून दुसरी एसटी आणि पुढं डोक्यावर ट्रंक घेऊन पायी. वाटेत दोनदा वाटलं, गेली खड्ड्यात ही सरकारी नोकरी. पण क्वार्टर बघितलं आणि सगळा शीण उतरला. दोन खोल्या, वर पत्रा, मागं न्हाणी, पुढं लिंबाचं झाड. आमच्या पिंगळीच्या घरात सगळं खटलं एका खोलीत निजायचं. इथं व्यंकटराव एकटेच राजे!

मनकर्णा बाळंतपणापासून माहेरी आहे, देवगाव फाट्याला. महिनाअखेर तिचा भाऊ दोघांना इथं आणून सोडणार. बारकं पालथं पडायला लागलंय म्हणे. बापानं अजून ते बघितलं नाही. चुलीची जागा मी आजच ठरवून टाकली, खिडकीखाली. ती आली की म्हणणार, इथं नको, तिथं पाहिजे. म्हणू दे.

इतके दिवस दुष्काळी कामावर फोडलेली खडी मोजली, आता गाळ मोजायचा. पाऊस नाही, धरण तळाला गेलंय. तळ उघडा पडलाच आहे तर किती गाळ साचला ते बघून घ्या, असा वरून हुकूम आहे. साहेब म्हणाले, लय सोपं काम आहे. साहेबलोक ज्याला सोपं म्हणतात ते आपण जपूनच हातात घ्यावं.

दोन माणसं दिलीत. नागनाथ साखळी आणि पट्टी धरणार. गडी धट्टाकट्टा, पण पालीलासुद्धा भितो. दुसरा लिंबाजी भोई, नाव त्याची. याचं गाव बोरखडी, तेच धरणाखाली गेलंय.

६ मे, पलीकडचा काठ

पहाटे नाव सोडली. धरण कसलं, मधे लांबोडकं डबकं राहिलंय. तरी ते पार करायला ऊन चढलं. मग नाव रुतली आणि तिथून पायी.

असं रान मी जन्मात बघितलं नाही. झाड नाही, पाखरू नाही, सावली म्हणून नाही. नुसता पांढराफटक भेगाळलेला गाळ, आभाळाला टेकेपर्यंत. उन्हानं डोळे उघडत नाहीत. मधेच पाण्यात मेलेल्या बाभळीचं एखादं खोड उभं असतं, तेवढीच खूण. ते हाताशी आहे असं वाटतं आणि गाठता गाठता दुपार होते.

वरून गाळ कडक, आतून मऊ. लिंबाजी काठीनं ठोकत पुढं चालतो, आम्ही त्याच्या पावलावर पाऊल टाकत मागं. नागनाथानं शहाणपणा करून एक पाय बाजूला टाकला, तर पाय वर आला आणि वहाण खालीच राहिली! तो रडकुंडीला आला आणि मी हसून हसून बसलो.

उंचवट्यावर राहुटी ठोकली. अमेरिकेहून आलेल्या मिलो ज्वारीची लाल भाकरी, ठेचा आणि कांदा. डुकराला घालतात असलं धान्य, असं लोक म्हणतात. म्हणोत बापडे, मला तरी गोड लागली.

८ मे

आज बोरखडीत शिरलो. भिंतींचे गुडघ्याएवढे खुंट, एक आड गाळानं भरलेला आणि मधोमध गावाचा पार. लिंबाजीनं स्वतःच्या घराकडं मान वळवूनसुद्धा बघितलं नाही.

दुपारी भाकरीचं फडकं सोडलं. लांब पाराच्या अंगाला कोणीतरी बसलेलं दिसलं. मी हात वर करून हाळी दिली, या जेवायला! यात काय विशेष? घास तोंडात घालायच्या आधी जो नजरेला पडेल त्याला आपण बोलवायचं आणि त्यानं लांबूनच म्हणायचं, जेवा जेवा, झालंय माझं. आईच्या दुधाबरोबर आलेली रीत आहे ही.

लिंबाजीनं माझा हात खाली ओढला. कोणाला बोलावलं म्हणून विचारलं. मी पाराकडं बोट दाखवलं. त्याला दिसलं की नाही ते त्यानं सांगितलं नाही, पण स्वतःची भाकर बांधून ठेवली. म्हणाला, साहेब, तुमी इथं कुणाला बोलवू नका. मला वाटलं, म्हातारा चिक्कू आहे, दुष्काळात वाटेकरी नको म्हणतोय. मी म्हणालो, येऊ द्या की, अर्धी भाकर देऊ.

पलीकडून 'झालंय' काही ऐकू आलं नाही. ते माणूस उठून उभं राहिलं तेवढं दिसलं.

१० मे

आमची मोजणीची दुर्बीण जुनी आहे, तिच्यातून सगळं उलटं दिसतं. पट्टी उलटी, आभाळ खाली, नागनाथ डोक्यावर उभा. सवयीनं त्याचं काही वाटत नाही. आज पट्टी वाचताना नागनाथाच्या मागं एक म्हातारी दिसली. हातात जर्मनची ताटली. नागनाथ उलटा, पट्टी उलटी, बाभळीचं खोड उलटं.

म्हातारी सुलटी.

डोळा काढून नुसतं बघितलं तर लांबवर एक ठिपका. परत दुर्बिणीला डोळा लावला तर ती माझ्याकडंच बघत होती. खोटं कशाला लिहू, मी दुर्बीण सोडून मागं सरलो. उन्हानं होतं असं कधीकधी म्हणून नागनाथाला हसून दाखवलं.

११ मे

ऊन नाही हे.

दोन वेळा खात्री केली. आम्ही जेवायला बसलो की ती चालायला लागते आणि फडकं बांधलं की जिथल्या तिथं थांबते. नेमकं सांगायचं तर आम्ही नाही, मी. नागनाथ एकटा जेवला तेव्हा ती हलली नाही. मी कांद्याची एक फोड तोंडात टाकली आणि तिनं पाऊल उचललं. तिचे पाय गाळात रुतत नाहीत.

रात्रीची भाकर खाल्ली नाही. भूक नाही म्हणालो.

१२ मे

लिंबाजीला आज धरून विचारलंच. आधी, मला म्हाईत न्हाई, असं म्हणत राहिला, मग खाली बसला आणि बोलला.

सरजाबाई तिचं नाव. आगंमागं कोणी नाही, म्हणून गावानं तिचे वार लावलेले होते. सोमवारी या घरी जेवायचं, मंगळवारी त्या घरी. पण बाई मानी. वार असला तरी आपण होऊन कोणाच्या दारात जायची नाही. ताटली घेऊन पारावर बसायची, आणि त्या घरचं माणूस येऊन 'सरजामाय, चल जेवाया' म्हणालं, तरच उठायची.

पाच-सहा वर्षांमागं गाव उठलं त्या दिवशी धरणाचं पाणी शिवेला लागलं होतं. चुली फुटल्या, गाड्या भरल्या, सगळी घाई. ज्याच्या घरी त्या दिवशीचा वार होता त्याला वाटलं, आता चूलच मोडली तर वार कुठला? आणि बाकीच्यांना वाटलं, ज्याचा वार आहे तो घेईल तिला गाडीत. नव्या गावठाणात चुली पेटल्या, तेव्हा कोणीतरी विचारलं, सरजामाय कुठं हाय? तोवर पारावर पाणी चढलं होतं. ती बसल्या जागची उठलीच नसणार. कोणी बोलावलंच नव्हतं ना.

लिंबाजी म्हणाला, आमी बोरखडीचे लोकं इथं आलो तर तोंडात पाण्याचा थेंबबी घालत न्हाई, साहेब. तुमाला सांगायला पायजे होतं. लाज वाटली.

मी त्याला शिव्या दिल्या. तोंडाला येतील तेवढ्या दिल्या. त्यानं ऐकून घेतल्या.

१४ मे, कॅम्प

परत आलो. काम गेलं चुलीत. नावेत पाण्याच्या घोटाशिवाय काही घेतलं नाही. ती त्या काठावर उभी राहिली, लहान लहान होत गेली. सुटलो म्हणून मी मोठ्यानं हसलो.

क्वार्टरमधे आल्यावर भुकेनं डोळ्यांपुढं अंधारी आली. दार लावून घेतलं आणि उभ्या उभ्या एक केळ खाल्लं. खिडकीतून बघितलं.

ती अलीकडच्या काठावर आली होती. ताटलीवर ऊन चमकत होतं.

१५ मे

म्हणजे मी खाईन तिथं ती येणार. इथं खाल्लं तर या दारात येणार. आणि महिनाअखेर या दारात मनकर्णा असेल, चुलीपुढं, मांडीवर बारकं.

हे मी होऊ देणार नाही. मी बोलावलंय, तर जेवू मीच घालीन, पण तिकडं गाळावर, माझ्या घरापासून लांब. पोटभर घालीन. पाहुण्यानं एकदा 'झालं' म्हटलं की मोकळा होतो. सरजामाय पण म्हणेल. उपाशी म्हातारी आहे ती, राक्षस तर नाही.

नागनाथ यायला नाही म्हणाला. त्याचं चूक नाही. त्याला देवगावला धाडलंय, म्हटलं मनकर्णेला सांग, साहेब फिरतीवर आहेत, इतक्यात येऊ नको. लिंबाजी नाव काढतोय. पीठ घेतलं, गूळ घेतला, शेंगदाणे, दुष्काळी कामावर वाटतात ती सुकडी, सगळं घेतलं.

१६ मे, बोरखडी

पारासमोर तीन दगडांची चूल मांडली. लिंबाजीला नावेपाशीच थांबायला सांगितलं. पहिला घास मी मुद्दाम खाल्ला.

आली. जवळून बघितली. चेहरा आपल्या कोणत्याही म्हातारीचा असतो तसा. लुगडं ओलं, एवढ्या उन्हात ओलं. समोर मांडी घालून बसली आणि ताटली पुढं सरकवली. मी वाढलं. ती खाली मान घालून जेवते, नीट, एक शीत सांडत नाही. मला रडू आलं. म्हटलं, माय, सावकाश जेव.

ताटली रिकामी झाली. पुढं सरकवली. वाढलं. पुढं सरकवली.

१७ मे

पीठ संपलं. गूळ संपला. 'झालं' म्हणत नाही.

ताटली पुढं करते आणि बघते.

मी स्वतः खाल्लेलं पोटात राहतच नाही — घास गिळतो आणि तिचे गाल हलतात. करगोटा आज कमरेवरून खाली उतरला. हातापायाच्या काड्या झाल्यात.

लिंबाजी बघायला आला, त्याला लांबूनच ओरडून सांगितलं, पीठ घेऊन ये. आणि जेवायला ये म्हणायचं झालं तर फक्त मला म्हण, हिला नको. तो पळतच गेला.

१८ मे

लिंबाजी नाही आला. ती इथंच. मी उठलो की उठते. बसलो की बसते.

एक कळलं ते लिहून ठेवतो. बोलावणाऱ्याच्या अंगावरचं सगळं झडतं. ती वाईट नाही — भूकच तेवढी आहे, पाच-सहा वर्षांची, अख्ख्या गावाची. मी एकटा पुरणार नाही. पण मी संपलो तर तिला परत पारावर बसावं लागेल. बोलावल्याशिवाय ती कोणाकडं जात नाही. तेवढं बरं आहे. तेवढंच बरं आहे.

मनकर्णेनं बोलवायला नको. बाकी माझं काही होऊ दे. तिच्या अंगावर पिणारं पोर आहे.

१९ मे

घशातून आवाज येत नाही. पेन्सिल धरवते, जड आहे.

बारकं कोणासारखं दिसतं कोण जाणे. तिच्यासारखंच असू दे.

ती ताटली पुसतेय. बोटानं. पुसते आणि पुढं —

२० मे, दुपार

नाव. नाव दिसतेय. लिंबाजी पीठ घेऊन —

दोन माणसं आहेत. नाही. लिंबाजी आणि एक बाई. हिरवं लुगडं.

देवगावला निरोप पोचलाच नसणार, ती आधीच निघाली असणार — आणि कॅम्पात लिंबाजीनं तिला एवढंच सांगितलं असेल, साहेब जेवंनात म्हणून. नवरा उपाशी आहे ऐकून बाई थांबेल का? का सांगितलं रे, लिंबाजी. हिचं नाव सांगायची तुला परत लाज वाटली का —

लिंबाजी नावेपाशीच थांबला, ती एकटीच पुढं येतेय. डोक्यावर पाटी, भाकरीची. कडेवर बारकं. ऊन लागू नये म्हणून पदर घेतलाय त्याच्यावर. केवढं झालंय.

मला हात करतेय. हसतेय. मी एकटा नाही हे तिला दिसलं — लांबून नुसती कोणीतरी म्हातारी बाई दिसत असेल तिला, माझ्याशेजारी बसलेली —

मी हात हलवतोय, नको नको म्हणून. तिला वाटतंय मी बोलावतोय. ओरडायला तोंड उघडतो तर गाळ येतो, ओला गाळ —

पाटी खाली ठेवली. फडकं सोडतेय. मान वर केली. माझ्याकडं नाही, हिच्याकडं बघून —

मनू, नको गं, म्हणू नकोस, आपल्या लेकराची आण —

म्हणाली. अहो माय, तुमीबी या की जेवाया, म्हणाली —

शेजारची जागा ओली आहे, रिकामी. ती उठली. माझ्याकडं वळूनसुद्धा बघितलं नाही, भरभर चाललीय, ताटली पुढं धरून, आणि मनकर्णा पोराला मांडीवर घेऊन सरकून तिला जागा करून देते —