दादाचे सासरे आणि विहिरीची पावडर

अण्णा,

तुम्ही गेल्यानंतरचं तुम्हाला काही माहीत नाही, म्हणून आधी झालं तेवढंच क्रमाने लिहिते.

१. निजामाचं राज्य गेलं. वसमतला नवी कमिटी नेमली. दादा तिच्यात आहे.

२. गावात पटकी आली. आपल्या मागच्या गल्लीतली दोन माणसं गेली.

३. विहिरींत टाकायला कमिटीने ब्लीचिंग पावडर विकत घेतली. ज्या दुकानातून घेतली ते दुसऱ्याच्या नावावर आहे, पण त्यात निम्मा हिस्सा दादाच्या सासऱ्यांचा आहे. दादाने हे सभेत सांगितलं नाही.

४. पावडर चांगली आहे का, असं कोणीतरी विचारलं. दादाने ती कागदावर घेऊन तिच्यावर हळद टाकून दाखवली. हळद लाल झाली. सगळ्यांना पटलं.

५. पावडर विहिरीत पडल्यावर मी पाणी तपासलं. पावडर मेलेली आहे.

६. उरलेले डबे रविवारी औंढ्याकडे आणि वाटेवरच्या तांड्यांवर जाणार आहेत. शनिवारी मला कमिटीपुढे बोलावलं आहे.

हैदराबादला शिकायला तुम्ही मला पाठवलंत. आता मी इथल्या सरकारी दवाखान्यात नर्स आहे आणि विहिरींचं पाणी तपासणं माझ्याकडे आहे. पाण्यात औषध घालायचं, ते निळं झालं तर पावडरीने काम केलं असं समजायचं. माझ्या पेल्यातलं पाणी निळं झालं नाही. मी पेला धुऊन पुन्हा केलं, मग डब्यातली पावडर थेट घेऊन केलं. तरी नाही. हळद लाल होते ती चुन्याने, आणि डबा ओल धरून पडला की पावडरीतला वायू निघून जातो, उरतो तो चुनाच. पावडर जिवंत असेल तर हळद आधी लाल होते आणि थोड्या वेळाने तो रंग उडून जातो. दादाने सभेतला तो कागद घरी आणून कोनाड्यात ठेवला होता. मी पाहिला तेव्हाही तो लालच होता. सभेत लाल रंग सगळ्यांनी पाहिला, पुढे काय होतं हे पाहायला कोणी थांबलं नाही. दादाने फसवलं असं मी म्हणत नाही. हळदीच्या गावातला माणूस हळदीवर विश्वास ठेवतो, तसा त्याने ठेवला. डॉक्टरांनी विहीर बंद करून पाणी उकळून प्यायची दवंडी पिटवली, पण डबे अडवणं त्यांच्या हातात नाही.

मी दादाशी घरातच बोलले. तो जेवत होता, वहिनी भाकरी थापत होत्या.

"दुकानात तुझ्या सासऱ्यांचा हिस्सा आहे, हे तिथं सांगितलंस का?"

"काहून सांगू? या गावात कोण कोणाचा सोयरा न्हाई? सगळे उठून बाहेर बसले, तर आत खुर्च्या ठराव करतील का?"

वहिनींना हसू आलं. मग त्या मान खाली घालून पुन्हा भाकरी थापू लागल्या.

"लोकांनी विचारलं तर?"

"लोकायनं विचारलं न्हाई. तू विचारून राहिलीस. तुझ्या त्या पेल्यानं मला पार जेलात धाडतीस का बाई?" त्याने ताट सारलं. "पावडर खराब हाय, तर खराब म्हण. बदलून घेऊ. सोयरीक काहून काढतीस? त्या माणसानं मला पोत्यामागं ठेवून जगवलं. त्याचं नाव मी चार लोकांत घेऊ?"

पोत्यामागचे ते दिवस तुम्ही पाहिले नाहीत. गेल्या वर्षी निजामाविरुद्धच्या चळवळीपायी दादावर वॉरंट होतं आणि सासऱ्यांनी त्याला आपल्या हळदीच्या गोदामात ठेवलं होतं. जप्ती येईल म्हणून त्यांनी दुकान भागीदाराच्या नावावर केलं, ते अजून तसंच आहे. मी औषधांच्या पिशवीत त्याची भाकरी नेत असे. एक दिवस मी गोदामाच्या दारातून बाहेर पडते आणि समोर पोलीस जमादार उभा. "ये गोदामवाला तेरा कौन लगता?" मी म्हणते, "कोई नहीं, साब." तो माझ्या हातांकडे पाहतो. नखं हळदीने पिवळी झालेली आहेत. "दवा देने आई थी," मी म्हणते. पोत्यांमागे दादा दबकून श्वास घेतो आहे आणि तो मला ऐकू येतो आहे असं मला वाटतं. जमादार पुढे जातो. त्या वर्षी आम्ही सगळे हेच शिकलो. ज्याने आसरा दिला त्याचं नातं ओठांवर आणायचं नाही. कोणी विचारलं तर, कोणी नाही.

आणि मला तुम्ही जुन्या कचेरीच्या ओट्यावर बसलेले दिसता. तुम्ही तेव्हाच्या कमिटीत होता, रस्त्यावरच्या कंदिलांच्या तेलाचा ठेका निघाला होता आणि तेल देणाऱ्यांत मावशीचे यजमान होते. तुम्ही आत सांगितलंत, हा माझा साडू आहे, मी बाहेर थांबतो. आणि जोडे हातात घेऊन निंबाखालच्या त्या ओट्यावर आलात. शाळा सुटून मी तिथे आले होते. तुम्ही भुईमुगाच्या शेंगा फोडून माझ्या ओंजळीत टाकत होता. कचेरीतला शिपाई जाता जाता हसून म्हणाला, "अण्णा, आज आत कोण पाव्हणा हाय?" तुम्हीही हसलात. मी विचारलं, काका चोर आहेत का? तुम्ही माझ्या डोक्यावर टपली मारलीत. "येडी हायेस का? साडू बी चोर न्हाई, मी बी न्हाई. पण मी कोणाचा कोण हाय, हे आतल्या लोकायला ठावं पाह्यजे. मंग ते तेल जरा नीट पाहतेत." ठेका काकांनाच मिळाला. तेल आधी पेटवून पाहिलं होतं, एवढंच.

माझं तेच म्हणणं आहे. सासरे कोण हे कमिटीला माहीत असतं, तर कोणीतरी म्हणालं असतं, हळद राहू द्या, दवाखान्यातून तपासून आणा. मी नुसती पावडर सांगितली तर फार तर हे डबे थांबतील. उद्या कापड येईल, रॉकेल येईल, ते कुणाच्या घरचं आहे हे पुन्हा कोणालाच कळणार नाही. ज्याला लोकांसाठी घ्यायचं-द्यायचं आहे, त्याने आपल्या सोयऱ्यांचे धंदे आधी सांगावेत. राज्य आपलं झालं म्हणून तर जास्तच.

हे कागदावर सरळ उतरतं. पण सभेत तसं उतरणार नाही. गावात माणसं मेलेली आहेत. निजाम गेल्यापासूनच्या या महिन्यांत लोकांनी किती घरांवर राग काढला, ते मी जखमा बांधताना पाहिलं आहे. मी सासऱ्यांचं नाव घेतलं आणि ते नाव सभेबाहेर गेलं, तर गोदामाला आग लागायला वेळ लागणार नाही. त्याच गोदामाला. ते म्हातारे रोज सकाळी दार उघडून एकटे तिथे बसतात. वहिनी काल माझ्याजवळ आल्या. माझ्या वेणीचा सुटलेला पेड नीट करून गेल्या. दादा माझ्याशी बोलत नाही. मी त्याची बहीण आहे, हेही मला तिथे आधी सांगावं लागेल. कमिटीवरचे बरेच जण बाहेरगावचे आहेत, त्यांना ते माहीत नाही.

तुम्ही या जगात नाही आणि हे पत्र टपालात पडणार नाही, एवढी शुद्ध मला आहे. पण एक गोष्ट दुसऱ्या कोणाला सांगता येत नाही. काल मी आरशासमोर उभी राहून शनिवारची तयारी केली. स्वतःलाच विचारलं, हे दुकानवाले तुमचे कोण? आणि मी विचार करायच्या आधीच माझं तोंड म्हणालं, कोणी नाही. पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. मला सगळ्यात जास्त भीती त्याची आहे.

त्या दिवशी कचेरीत "हा माझा साडू आहे" हे पहिलं वाक्य तुम्ही कसं म्हणालात, तेवढं सांगा. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत मला उत्तर हवं आहे.