कावळ्यासाठी ट्रेल कॅमेरा

१५ सप्टेंबर, सोमवार. दुपारी २.
आज अविधवा नवमी. ऑफिसात पीटीओ, म्हणजे सुट्टी, टाकला. कारण: पर्सनल. पहाटे पाचला उठून स्वयंपाक केला. भात, वरण, खीर, उडदाचे वडे. वडे जरा चौकोनी झाले. पद्मिनी असती तर परत करायला लावले असते. पण ती असती तर आज वडेच करायचे नव्हते.

पान घरामागच्या डेकवर ठेवलं आणि ११:४० ते १:१५ खिडकीत उभा राहिलो. निकाल: खारी दोन, कावळे शून्य. एका खारीने वडा उचलून शेजारच्यांच्या ट्रॅम्पोलिनवर नेला.

जानेवारीत पद्मिनीच्या दहाव्याच्या दिवशीही इथे मिशिगनमध्ये कावळा आला नव्हता. गुरुजींनी दर्भाचा कावळा केला, पिंडाला टेकवला आणि चार मिनिटांत मोकळे झाले. त्यांना पुढे ट्रॉयला एक वास्तुशांत होती. आमच्या क्वालिटीच्या भाषेत याला टेम्पररी डेव्हिएशन म्हणतात. डेव्हिएशनवर पार्ट शिप करता येतो, पण नंतर खरा पार्ट बसवावाच लागतो. कावळा शिवला नाही म्हणजे गेलेल्या माणसाची काहीतरी इच्छा राहिली, असं आई म्हणायची. माझा विश्वास नाही. सत्तावीस वर्षं इंजिनिअर आहे. मला फक्त फाइल क्लोज करायची आहे.

१६ सप्टेंबर
लंचला डेलला विचारलं, कावळे कुठे मिळतील? डेल आमच्या टेस्ट लॅबमधला टेक्निशियन. शिकारी माणूस. त्याने कशासाठी ते विचारलं नाही. हॉवेलजवळ माझं चाळीस एकर रान आहे, तिथे कावळेच कावळे, म्हणाला. तिथे त्याने झाडाला कॅमेरा बांधलाय. समोरून काहीही गेलं की फोटो फोनवर येतो. ॲपचा पासवर्डही देऊन टाकला. मी म्हटलं, मला वाइल्डलाइफची आवड आहे. हे खोटं नाही. आजपासून आहे.

२१ सप्टेंबर, रविवार
सर्वपित्री. पितृपक्षाचा शेवटचा चान्स. नोव्हायहून अर्धा तास ड्राइव्ह करून डेलच्या रानात गेलो. ओकच्या झाडाखाली, बरोब्बर कॅमेऱ्यासमोर पत्रावळ ठेवली. (पत्रावळी कँटन गावच्या इंडियन दुकानात. पन्नासचंच पॅक मिळतं.)

कावळा येत नसेल तर घरचे लोक मोठ्याने वचनं देतात. अमुक करू, तमुक सांभाळू, तू काळजी करू नकोस. मग कावळा येतो. वचन क्र. १ दिलं: बेसमेंट पूर्ण करीन. आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं, तरी हळूच बोललो.

२२ सप्टेंबर
सकाळी ८:१४ ला फोन वाजला. कावळा नाही. हरीण. मादी. डावा कान थोडा फाटलेला. आधी वडा खाल्ला, मग खीर, भात शेवटी. गुरुजींना व्हॉट्सॲप केलं, हरीण चालेल का? लगेच अंगठा आला. आनंद झाला. नंतर कळलं, तो अंगठा दुसऱ्या कुणाला तरी पाठवायचा होता.

एका पानाने काही सिद्ध होत नाही. सँपल वाढवायला हवं. उद्यापासून रोज ऑफिसच्या आधी एक पान.

५ ऑक्टोबर, रविवार
वचनांचा आढावा.
क्र. १, बेसमेंट. काँट्रॅक्टर फोन उचलत नाही. मी केलेला नाही, पण हे लोक उचलत नाहीत हे सगळ्यांना माहीत आहे.
क्र. २, संध्याकाळचा पेग बंद. बंदच आहे. आज फक्त एक, कारण रविवार.
क्र. ३, पद्मिनीच्या साड्या मुलीला, इलाला देईन. कपाट उघडलं. अजून पद्मिनीचा वास येतो. कपाट बंद केलं. पुढच्या आठवड्यात.

कावळे शून्य. हरीण रोज. एक्सेलमध्ये तिला डी-१ नाव दिलं. नाव म्हणजे नुसता आयडी, त्यात भावना नाही. वेळ ८:१५, चार मिनिटं इकडे किंवा तिकडे. आमचे सप्लायरसुद्धा एवढे वक्तशीर नाहीत.

८ ऑक्टोबर, बुधवार
डेलच्या गराजमध्ये दर बुधवारी शिकाऱ्यांची बैठक असते. बैठक म्हणजे डेल, त्याचे ऐंशी वर्षांचे सासरे वॉल्ट, आणि आता मी. आज विषय माझाच निघाला. डेलने फोन पुढे केला. फोटोत डी-१, तोंड पत्रावळीत.

वॉल्ट म्हणाले, हे बेटिंग आहे, म्हणजे आमिष घालणं. इथे खालच्या मिशिगनमध्ये हरणांना खाणं घालायलाच बंदी आहे, एका ठिकाणी तोंडं घातली की रोग पसरतो. मका नाही, सफरचंद नाही, काही नाही. मी म्हटलं, नियमात उडदाचा वडा आहे का? डेलने फोनवर नियम उघडून खरंच शोधलं. नव्हता. मी म्हटलं, शिवाय माझा इंटेंट कावळ्यासाठी आहे. वॉल्टनी विचारलं, हे हरणाला सांगितलंस का? मुद्दा बरोबर होता.

मग वॉल्टनी विचारलं, कावळा कशाला? मी म्हटलं, रिलिजस. डेलने विचारलं, पद्मिनीसाठी? मी कोपऱ्यातल्या फ्रीझरकडे बघत राहिलो. डेलने टोपी काढली. थोड्या वेळाने परत घातली आणि म्हणाला, बडी, उद्या सगळं साफ कर. दाणा दाणा. नाहीतर आम्हाला नोव्हेंबरमध्ये तिथे शिकारीला बसता येणार नाही.

नियम म्हणजे नियम. मला पटतं. फक्त वाईट वाटलं.

९ ऑक्टोबर
पहाटे जाऊन दाताळ्याने जमीन साफ केली. सगळ्या पत्रावळी पिशवीत भरून परत आणल्या. ८:१६ ला डी-१ आली. रिकाम्या जागेसमोर उभी. जमीन हुंगली, मान वर केली, परत हुंगली. अकरा फोटो. मी मीटिंगमध्ये होतो. नेटवर्क इश्यू सांगून व्हिडिओ बंद केला आणि पाच मिनिटं रडलो. ॲलर्जीचा सीझन आहे.

२२ ऑक्टोबर, बुधवार
आज पाडवा. घरी काही प्रोग्राम नव्हता, म्हणून डेलकडे.

आधी वॉल्टनी सांगितलं की त्यांनी कूगर पाहिला. इथला डोंगरी सिंह. पुरावा: एक अंधुक फोटो, त्यात शेपूट. चाळीस मिनिटं वाद. मी शेजारच्या कुंपणाच्या खांबावरून मोजमाप काढलं. मांजर आहे. वॉल्टनी मला कॉफी द्यायचं बंद केलं.

मग कॅमेऱ्यावर भांडण. वॉल्ट म्हणतात, झाडाला डोळे बांधून घरी लोळणारा शिकारी कसला? रान बसून कळतं. थंडीत, तासन् तास. डेल म्हणतो, मला नोकरी आहे, दोन शनिवार मिळतात, कॅमेरा नसेल तर मी हात हलवत परत येतो. मला राहवलं नाही. मी डेलच्या बाजूने उभा राहिलो आणि लॅपटॉप उघडून चार्ट दाखवला. डी-१, आगमनाची वेळ, एकतीस दिवस. खाणं बंद झाल्यावरही ८:१५. डेलने शिट्टी वाजवली. वॉल्टसुद्धा वाकून बघायला लागले. जानेवारीपासून मी सलग एवढं कुणाशी बोललो नव्हतो. डेल म्हणाला, मला पाठव हे. तिथल्या तिथे ईमेल केला. रंगीत.

घरी आलो. पद्मिनी पाडव्याला ओवाळायची तेव्हा मी दर वर्षी म्हणायचो, लवकर आटप, चहा गार होतोय. आज चहा गरम होता. प्यायलो नाही.

२ नोव्हेंबर, रविवार
घड्याळं एक तास मागे गेली. हरणांना कोणी कळवलं नाही, त्यामुळे डी-१ आज ७:१५ ला. चार्टमध्ये करेक्शन करून डेलला नवीन व्हर्जन पाठवलं. त्याने हृदय पाठवलं.

दुपारी इला आली, ॲन आर्बरहून. भिंतीवर चार्टचा प्रिंटआउट बघून म्हणाली, बाबा, व्हाय आर यू ट्रॅकिंग अ डियर? मी म्हटलं, एक्सेलची प्रॅक्टिस. वचनांची यादीही तिने वाचली. म्हणाली, आई नेव्हर केअर्ड अबाउट द बेसमेंट. मग माझा हात धरून म्हणाली, यू नो व्हॉट शी आस्क्ड फॉर, बाबा. वी कॅन टॉक अबाउट इट. मी म्हटलं, मला डिशवॉशर लावायचाय. उठून लावला. आत एकही भांडं नव्हतं. तरी तासभर चालू दिला.

पद्मिनी गेली त्या रात्रीबद्दल इथे काही लिहायचं नाही, हे मी जानेवारीतच ठरवलं आहे. स्नो ॲडव्हायझरी, म्हणजे बर्फाचा इशारा, होती. ऑफिशियल होती. रेकॉर्डवर आहे.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
उद्या ओपनिंग डे. हरणांच्या शिकारीचा, बंदुकीचा सीझन सुरू. अर्धी टेस्ट लॅब सुट्टीवर. डेल म्हणाला, पहाटे पाचपासून रानात स्टँडवर, म्हणजे मचाणावर, बसणार. मला दोन मिनिटं काळजी वाटली. मग विचार केला. डेलच्या गराजमध्ये भिंतीवर अकरा मुंडकी आहेत, सगळी शिंगंवाली. मादी एकही नाही. म्हणजे डेल माद्या मारत नाही. सँपल साइज अकरा, रिस्क लो. सरळ त्याला विचारता आलं असतं. पण डेटा असताना विचारायचं कशाला?

पेग दोन. उद्यापासून नक्की.

१५ नोव्हेंबर, शनिवार
७:१४. फोटो. डी-१.
७:१४. फोटो. डी-१, कान ताठ.
७:१५. फोटो. नुसतं गवत.
७:२१. फोटो. डेलचे बूट.
७:३०. डेलचा मेसेज. युवर चार्ट इज गोल्ड, बडी.

संध्याकाळी डेल स्वतः घरी आला. माद्यांचं परमिट वेगळं असतं, ते त्याने या वर्षी मुद्दाम काढलं होतं. शिंगं भिंतीसाठी, मादी फ्रीझरसाठी, असं त्याने समजावून सांगितलं. मला हे आता कळलं. पांढऱ्या कागदात गुंडाळलेलं एक पुडकं त्याने माझ्या हातात दिलं. वर मार्करने लिहिलेलं: संजीव, डी-१. माझ्यासाठी त्याने इलाकडून फोनवर देवनागरी शिकून घेतली होती, आठवडाभर. सगळ्यात चांगला भाग, म्हणाला, पहिला हक्क तुझा. त्याचा चेहरा इतका खुश होता की मी थँक यू म्हटलं. दोनदा म्हटलं.

पुडकं फ्रीझरमध्ये ठेवलं, पद्मिनीने करून ठेवलेल्या पुरणाच्या डब्याशेजारी. तो डबा मी अजून उघडलेला नाही.

मी मारली तिला. डेलने फक्त गोळी घातली.

१६ नोव्हेंबर, रविवार. सकाळ.
ॲप डिलीट करायला फोन उघडला, तेवढ्यात फोटो आला. कावळे. शिकारी हरीण तिथेच साफ करतात आणि आतडी गवतात सोडून देतात. त्याच्यावर कावळे. मोजले. सतरा. परत मोजले. सतरा. पंधरवडाभर रोज वडा दाखवला तर एकही आला नाही.

विचार केला. भात पद्मिनीच्या नावाचा. तो डी-१ने खाल्ला. डी-१ला कावळ्यांनी खाल्लं. ट्रेसेबिलिटी, म्हणजे कुठून कुठे गेलं त्याचा माग, पूर्ण आहे. म्हणजे टेक्निकली, इनडायरेक्टली, कावळा शिवला. तसं लिहिलं. खाली 'क्लोज्ड' लिहिलं. तारीख टाकली. सही केली.

मग खोडलं. असली फाइल दुसऱ्या कुणी आणली असती तर मी त्याच्या तोंडावर परत फेकली असती.

१६ नोव्हेंबर. संध्याकाळ.
सकाळी दहा वाजता हॉवेलला गेलो. चुकून गोळी लागू नये म्हणून डेलकडून आणलेलं नारिंगी जॅकेट घातलं होतं. मला बघितल्याबरोबर सतराच्या सतरा उडाले. झाडाखाली बादली उपडी घालून बसलो.

जानेवारीत त्या दिवशी हॉस्पिटलमध्ये पद्मिनी एवढंच म्हणाली होती, आजची रात्र थांब ना. मी म्हटलं, बर्फ पडणार आहे, सकाळी सप्लायरचा कॉल आहे, सातला येतोच. पहाटे चार दहाला हॉस्पिटलचा फोन आला. बेसमेंट, पेग, साड्या यातलं तिने कधीच काही मागितलं नव्हतं. जे मागितलं, त्याचं आता वचन देता येत नाही.

आज थांबलो. अंधार पडेपर्यंत. कोणी आलं नाही. पाय गारठले, पाठ धरली, एक सँडविच खाल्लं. थांबणं काही एवढं अवघड नव्हतं.